पुंजाबाची मरळ

खुलताबादच्या रस्त्याला शहर जिथं संपायचं, तिथून दोन कोसांवर टाकळवाडी होती. आता शहर संपतच नाही, त्यामुळं टाकळवाडी नेमकी कुठं सुरू होते हे तिथं जन्मलेल्या माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. आधी सहा मजली इमारत, तिच्या शेजारी कडब्याची गंजी, मग रो-हाउसची एक ओळ, मग कुणाचा तरी गोठा आणि गोठ्याच्या दारात उभी पांढरी मोटार. या सगळ्याच्या मधोमध गावाचा पाझर तलाव आहे. त्याच्या बांधावर संध्याकाळी फिरायला येणारी नवी माणसं त्याला ‘लेक’ म्हणतात. ते ऐकलं की सांडूआबांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, कारण तो तलाव त्यांनी स्वतःच्या डोक्यावर माती वाहून केलेला आहे.

साल बहात्तरचं. सांडू तेव्हा चौदा वर्षांचा होता. आई सारजाबाई दुष्काळी कामावर जायची आणि जाताना त्यालाही घेऊन जायची. ती खोदायची, हा पाटी वाहायचा. दुपारी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली ढकलायची आणि पुन्हा पाटी उचलायची. खोदकाम चाललं होतं तिथं पूर्वी ओढ्याचा डोह होता, आणि सांडूचा आजा पुंजाराम त्या डोहात उभा जन्म गळ टाकून बसलेला होता. डोह आटल्यावर म्हाताऱ्याला दिवस खायला उठायचा. मग तो रोज काठावरच्या लिंबाखाली येऊन बसायचा आणि खोदणाऱ्यांना बजावायचा.

“जपून खंदा रे. खाली मरळी हायेत. पाणी गेलं म्हंजी मरळ जात नसती. ती चिखलात शिरती अन् पाण्याची वाट बगत पडून ऱ्हाती.”

माणसं अर्धपोटी होती, पण चेष्टा करायला अर्धं पोटही पुरतं. दोन पुरुष खोल खणलं तरी मरळ सोडा, मरळीचं खवलं निघालं नाही. येता-जाता जो तो विचारू लागला, “पुंजाबा, तुमची मरळ कुठवर आली?” म्हातारा म्हणायचा, “ती तुमच्यासाठी नाय निघायची.” मग तर हसायला ऊतच आला. तेव्हापासून टाकळवाडीत जे येणार येणार म्हणतात आणि येत नाही, त्याला ‘पुंजाबाची मरळ’ म्हणतात. विजेचे खांब पुंजाबाची मरळ होते, नंतर ते आले. नळाचं पाणी मात्र चव्वेचाळीस वर्षं पुंजाबाची मरळच राहिलं. हल्लीच्या पोरांना पुंजाबा कोण हे ठाऊक नाही, पण शब्द कसा तोंडात पक्का बसला आहे. आणि सांडूआबांना जे आजही सलतं ते असं, की एकदा पाटी रिकामी करून येताना सगळ्यांबरोबर ते स्वतःही हसले होते. आजानं ते पाहिलं होतं.

पुंजाबाची काठी बारा फुटी भरीव बांबूची. मुठीला दोन पितळी कड्या, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेल्या. शेंडा दोनदा बदलला, दोरी सुताची जाऊन नायलॉनची आली, पण मूठ तीच. तरंगा मोरपिसाच्या दांडीचा. पानाच्या जुन्या पितळी डब्यात तेलकट चिंधीत गुंडाळलेले लोहारानं घडवलेले पाच गळ. ही काठी बापाकडून मुलाला जात नसे. बाप माणूस पोटामागं धावत असतो, त्याला पाण्याकाठी बसायला सवड कुठली? ती आज्याकडून नातवंडाला जायची, आणि तीही नुसती मागून मिळत नसे. ज्याला काठी हवी त्यानं तिच्यानं एक मासा काढायचा, दुसऱ्या कुणाचा हात न लागता. तो मासा देणाऱ्यानं खायचा, डोक्यापासून. मग म्हणायचं, ‘काठी तुझी.’ असा घेणारा मिळालाच नाही, तर काठी धन्याबरोबर सरणावर जायची.

आणि एकदा काठी दिली की दिली. त्यानंतर म्हाताऱ्यानं तिला न विचारता हात लावायचा नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला, तलाव भरला, आणि पुढच्या साली सांडूनं त्यातून पहिला मासा काढला. पुंजाबानं तो काटेसुद्धा चोखून खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा नातवाच्या दारात उभा राहून विचारायचा, “सांडू, न्हेतो का रे मला?” आणि सांडू मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, “चला, पण तिथं बोलायचं नाय.” चारपाच वर्षं हे असं चाललं. मग एका दुपारी मित्रांबरोबर सायकलवर शहरात सिनेमाला जायचं ठरलं होतं, आणि नेमकं तेव्हाच आजानं विचारलं. सांडू म्हणाला, “आज नाय.” रात्री परत येताना त्याला कळलं, की म्हातारा एकटाच बांधावर जाऊन, हातात काही न घेता, दिवस बुडेस्तोवर बसून होता. त्यानंतर पंधरा दिवसांत तो गेला. तो सिनेमा कुठला होता ते सांडूआबांना आता आठवत नाही. ‘आज नाय’ मात्र लख्ख आठवतं.

तर, सन सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते ते वर्ष. टाकळवाडीचा तलाव तीन वर्षं भरलाच नव्हता. पावसाळ्यात ढोपरभर पाणी यायचं आणि संक्रांतीला तळाच्या भेगा दिसायच्या. शेत दहा वर्षांपूर्वीच प्लॉटिंगमध्ये गेलं होतं. मुलगा विश्वजीत वाळूजच्या कंपनीत, आणि त्यानं गारखेड्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. शाळा उघडायच्या आत सगळ्यांनी तिकडं जायचं ठरलं. सून सुरेखानं भांडी खोक्यांत भरायलाही घेतली.

एकदा जेवताना विश्वजीत म्हणाला, “आबा, ती काठी कशी न्यायची? लिफ्टमधी बसणार नाय. तीन तुकडे करू का? आठवण म्हणून भिंतीला लावता येतील.”

पोरगा वाईट नव्हता. त्यानं खरंच आबांचा विचार करूनच ते म्हटलं होतं. पण सांडूआबांचा घास तोंडातच फिरू लागला. काठी अजून त्यांचीच होती, कुणाला दिलेली नव्हती, आणि जिथं द्यायची तो तलाव कोरडा पडला होता. गारखेड्याला गेल्यावर ती द्यायची कुठं, चौथ्या मजल्यावरच्या टाकीत?

घेणारी मात्र होती. थोरला नातू अमेय आठ वर्षांचा असताना त्याला नेलं होतं. त्यानं एक चिलापी मासळी काढलीही असती, पण ती तडफडताना पाहून त्यानं अर्ध्यात काठी टाकली आणि घरी येऊन ताप काढला. आता तो दिवसभर औरंगपुऱ्यात क्लासला असायचा. धाकटी मनस्विनी बारा वर्षांची, तिचं सगळं उलटं. तिनं मासा लागलेला कधी पाहिलाच नव्हता, आणि गेली दोन वर्षं ती आबांचं बोट सोडत नव्हती.

ती शिकली कोरड्या तलावात. आबा तिला तळाशी नेऊन बसवायचे, भेगाळलेल्या मातीत एक जुनी चप्पल ठेवायचे आणि म्हणायचे, ही मरळ. मनू वीस हातांवरून तरंगा बरोबर चपलेजवळ टाकायची. गाठी तिनं शाळेच्या बुटांच्या नाड्यांवर शिकल्या. मरळ पहिल्यांदा ओढते ती चाखायला, दुसऱ्यांदा ओढते ती न्यायला, तिसऱ्यांदा ओढते ती गिळायला, आणि झटका द्यायचा तो तिसऱ्यांदाच, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. बसायचं कसं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, खोकला आला तर पदर तोंडात धरायचा, हेही शिकून झालं. पदर नव्हता म्हणून ती ओढणी धरायची. बांधावरून जाणारे हसायचे. “आजा-नात कोरड्या तळ्यात मासे धरतेत,” म्हणायचे. कुणीतरी म्हणालंच, “पुंजाबाची मरळ!” मनूनं विचारलं, पुंजाबा कोण? आबांनी तिला सगळं सांगितलं. आपण हसलो होतो तेवढं मात्र गाळलं.

मे महिन्यात एक नवल झालं. तलावाच्या पलीकडं आणखी एका इमारतीचा पाया खणत होते, आणि खणता खणता त्यांना झरा लागला. गाव टँकरच्या पाण्यावर भांडत होतं आणि बिल्डरला पाण्याची अडचण झाली! त्यानं पंप लावून ते पाणी तलावात सोडलं. पंधरा दिवसांत जुन्या डोहाच्या खोलगट जागी कमरेइतकं पाण्याचं डबकं साचलं. गुरं पाणी प्यायला येऊ लागली, बगळेही दिसले.

त्या जागेवर बद्रीनाथ राखणदार होता. जमीन पूर्वी त्याचीच होती. विकल्यावर तिथंच खुर्ची टाकून बसायची नोकरी लागली. तो आबांना म्हणाला, “स्लॅब पडायला आला, सांडूभाऊ. आठधा दिसांत पंप बंद. मग हे डबकं कशाचं टिकतंय?”

आठ-दहा दिवस. आणि महिनाअखेरीला सामानाचा टेम्पो येणार होता. सांडूआबा त्या पाण्याकडं पाहत राहिले. पाणी होतं, काठी होती, पोरगी तयार होती. नव्हता फक्त मासा. तीन वर्षं दर उन्हाळ्याला कोरड्या पडणाऱ्या तलावात मासा कुठून असणार?

आणि इथं सांडूआबांनी त्यांच्या आयुष्यातली पहिली लबाडी केली. पहिली म्हणजे मासेमारीतली पहिली. बाकीच्यांचा हिशेब बायकोकडं, आवडाबाईंकडं आहे.

त्यांनी घरातली दुधाची झाकणाची किटली उचलली, “मोतीबिंदूच्या दवाखान्यात जाऊन येतो,” असं आवडाबाईंना सांगितलं, आणि शेअर रिक्षानं थेट शहागंज गाठलं. दवाखान्यात किटली कशाला, हे बाईंनी विचारलं नाही. मासळीच्या ओळीत एका म्हाताऱ्या चाचांच्या घमेल्यात तीन-चार मरळी वळवळत होत्या. मरळ हवेतही श्वास घेते, ओल्या फडक्यात तासन् तास जिवंत राहते, म्हणून ती जिवंतच विकतात.

“लेव मामू, जित्ती है,” चाचा म्हणाले. “पैठन का धरन सूक रा, तो माल बहोत आ रा.”

आबांनी सर्वांत जास्त उसळ्या मारणारी निवडली. किटलीत टाकताना पाहिलं तर तिच्या शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला होता, जाळ्यात अडकून फाटला असावा. पोहायला काही अडचण नव्हती. रिक्षात शेजारच्या बाईनं किटलीतून धडपड ऐकून पाय आखडून घेतले. आबा म्हणाले, “दूध हाय.” दुपारच्या रणरणत्या उन्हात, गाव आडवं झालेलं पाहून, ते तलावात उतरले आणि डबक्याच्या काठाशी किटली कलती केली. मरळ क्षणभर गोंधळून पडून राहिली, मग तुटकी शेपटी हलवून आत गेली.

आबांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. विकतचा मासा नातीच्या गळाला लावून द्यायचा, आणि तो वाजतगाजत खाऊन म्हणायचं, काठी तुझी! पुंजाबा वरून बघत असेल तर काय म्हणेल? पण मग दुसरा मार्ग कुठला? काठी सरणावर जाण्यापेक्षा लबाडीनं का होईना, पोरीच्या हातात जाईल. असं स्वतःला समजावत ते घरी आले आणि किटली तीनदा राखेनं घासून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजा-नात डबक्यावर जाऊन बसले. मनूनं टँकरच्या नळाखालच्या ओलीतून एक बोटाएवढी बेडकी धरली होती, तीच गळाला. ऊन चढेपर्यंत बसले. काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. मनूची काही तक्रार नव्हती. कोरड्या तलावात दोन वर्षं बसलेली पोरगी ती, तिला पाण्याचंच इतकं अप्रूप होतं की माशाची घाई नव्हती. घाई आबांनाच होती. विकत आणलेली मरळ कुठं दडून बसली कोण जाणे, का बगळ्यानं नेली?

पाचव्या दिवशी पंपाचा आवाज बंद झाला. नेहमीची ती धडधड थांबल्यावर तलावात इतकी शांतता पसरली की सांडूआबांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

सहाव्या दिवशी, ऊन नुकतं बांधावर आलेलं असताना, मोरपिसाचा तरंगा हलला.

मनू हलली नाही. तरंगा थोडा सरकला आणि परत आला. पुन्हा सरकला, जरा लांब, आणि थांबला. आबांचे हात मांडीवर आपोआप आवळले गेले. तेवढ्यानं झटका दिला असता त्यांनी, खरं सांगायचं तर. पण मनू उकिडवी बसून नुसती बघत होती, ओठ मिटून. मग तरंगा सुळ्ळकन खाली गेला, आणि तिनं दोन्ही हातांनी काठी मागं खेचली.

शेंडा धनुकलीसारखा वाकला. मनू दोन पावलं पुढं ओढली गेली, घोट्याइतक्या चिखलात उभी राहिली, आणि मागं सरकत, सरकत, काळं काहीतरी पाण्याबाहेर घेऊन आली. ते चिखलात आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. मनूनं ओढणी त्यावर टाकली आणि स्वतः ओढणीवर बसली. आबांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यात पाणी आलेलं, त्यांना धड काही दिसत नव्हतं. मरळ होती एवढं कळलं.

मनूनं पहिलं काय विचारावं?

“आबा, तुमचा हात नाही ना लागला? काठीला?”

“नाय गं,” आबा म्हणाले. “नाय लागला.”

“नक्की?”

“नक्की.”

मग ती हसली, आणि सांडूआबांना कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोर इतकी खरी, की स्वतःच्याच विजयाची झडती घेतेय. आणि आपण किटलीतून मासा आणून टाकणारे!

घरी येईपर्यंत ते खाली मान घालून चालले. मनूला वाटलं, आबांना भरून आलं असेल. आवडाबाईंच्या स्वयंपाकघरात मासळी शिजत नसे, त्यासाठी अंगणात तीन दगडांची चूल आणि वेगळं पातेलं होतं. मनूनं चूल पेटवली. आबा विळी आणि राखेचं टोपलं घेऊन धुण्याच्या दगडाशी बसले. मनात घोकत होते, की खायचं, म्हणायचं आणि मरेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं.

राखेच्या हातानं त्यांनी मरळ डोक्याकडून धरली. डोकं चांगलं मोठं होतं, पण अंग मात्र वाळलेलं, हाताला हाडं लागत होती. धरणातली मरळ अशी नसते. त्यांनी ती नाकाजवळ नेली. तिला वास येत होता चिखलाचा, त्यांनी चौदाव्या वर्षी डोक्यावर वाहिलेल्या काळ्या मातीचा. अंगठा पाठीवरून घसरत शेपटीशी आला आणि तिथंच थांबला. वरचा कोपरा शाबूत होता. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग खालून वर, वरून खाली.

“मनू,” ते म्हणाले. “इकडं ये. हिची शेपटी बग. कुटं तुटली हाय का?”

मनूनं वाकून पाहिलं. “नाही, आबा. पूर्ण आहे. छान गोल आहे.”

“नीट बग.”

“नीटच बघतेय. का?”

सांडूआबा राखेच्या टोपल्याशेजारी फतकल मारून बसले आणि रडू लागले. अंगणात, दिवसाढवळ्या, साठीला आलेला माणूस. आवडाबाई धावत बाहेर आल्या.

“अवो, काय झालं? बोट कापलं का?”

“आवडे, पुंजाबाची मरळ निगाली,” आबा म्हणाले. “चिखलातून निगाली. म्हातारा खरं बोलत व्हता अन् मी हासलो गं त्याला. सगळ्यांबरूबर मी बी हासलो.”

मग त्यांनी मनूला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. किटली, शहागंज, तुटकी शेपटी, आणि बहात्तर सालचं हसूदेखील. सांगताना ते तिच्याकडं बघत नव्हते, दगडाकडं बघत होते.

मनूनं ती गोल शेपटी पुन्हा एकदा न्याहाळली. मग म्हणाली, “म्हणजे ही तुम्ही टाकलेली नाही.”

“नाय.”

“मग मीच काढली.”

“तूच काढली. तू अन् पुंजाबानं.”

“आणि ती दुसरी अजून आत आहे.”

“हाय. असंल तर.”

“मला सांगायचं होतंत,” मनू म्हणाली. रागानं नाही, पण स्पष्ट. “मी तशी घेतली नसती काठी.”

“ठाऊक हाय म्हनूनच नाय सांगितलं.”

आवडाबाई कमरेवर हात ठेवून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत नव्हतं व्हय? पाचसा दिस झालं किटलीला वास मारतोय. तवापासून दुसऱ्या किटलीत दूध घ्यायलेय मी.” आणि चुलीतलं लाकूड पुढं सारून आत निघून गेल्या. जाताना डोळ्याला पदर लावला, पण तो धुरामुळं, असं त्या म्हणतील.

दुपारी विश्वजीत पहिली पाळी करून आला तेव्हा अंगणात घोंगडी अंथरलेली होती. ताटात तिखट रस्सा, ज्वारीची भाकरी, आणि रश्श्यात मरळीचं डोकं. अमेयही क्लासवरून आला होता, सुरेखा खोकी भरायची थांबवून दारात उभी होती. सांडूआबांनी डोकं उचललं आणि खायला सुरुवात केली. मांस नव्हतंच फारसं. दुष्काळातली मरळ ती, तिच्याजवळ होतं काय? पण त्यांनी काटेसुद्धा चोखले, आजानं चोखले होते तसे. मग हात धुतला, ओल्याच हातानं काठी भिंतीवरून उतरवली, पितळी डबा तिच्यावर ठेवला, आणि दोन्ही मनूपुढं धरलं.

“काठी तुझी.”

मनूनं काठी घेतली. बारा फूट बांबू आणि चार फूट पोरगी. ती बापाकडं वळली.

“बाबा, हिचे तुकडे करायचे नाहीत. माझी आहे.”

विश्वजीतनं काठीकडं पाहिलं, मग आबांकडं. “नाय करत,” तो म्हणाला. “खालून दोरी बांधून बाल्कनीतून वर घेऊ. चार मजले तर हायेत.”

टेम्पो यायला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला सांडूआबांना जाग आली. ते उठले, पाण्याचा तांब्या घेतला, आणि सवयीनं काठीकडं हात केला. अर्ध्यावरच हात थांबला. काठी आता त्यांची नव्हती.

ते मनूच्या अंथरुणापाशी आले. पोर गाढ झोपली होती, पितळी डबा उशाला घेऊन. त्यांना दारात उभा राहिलेला आजा आठवला, धोतराचा सोगा हातात धरून, नकार आला तर काय करायचं हे ठाऊक नसलेला. रोज विचारताना म्हाताऱ्याच्या पोटात काय होत असेल, हे त्यांना आज इतक्या वर्षांनी कळलं.

“मनू,” त्यांनी हळूच हाक मारली. “न्हेशील का गं मला?”

मनूनं एक डोळा उघडला. डबा चाचपून पाहिला. पुन्हा डोळा मिटला, आणि आबांचा जीव टांगणीला लागला.

“चला,” ती शेवटी म्हणाली. “पण गळ लावायचा नाही. नुसतं बसायचं. त्या दुसरीला राहू दे, तिला चिखलात शिरायचं असेल.”

“बरं.”

“आणि तिथं बोलायचं नाही.”

“नाय बोलत,” सांडूआबा म्हणाले, आणि तांब्या घेऊन मुकाट्यानं तिच्या मागं निघाले.